आवाज लपवणारी पाणबुडी

फुलसावंगी गावात यंत्रांचा विषय निघाला की एका तरुणाची आठवण निघतेच. शिक्षण आठवीपर्यंत, काम पत्र्याची कपाटं आणि कूलर बनवण्याचं. पण गड्यानं स्वतः हेलिकॉप्टर उभं केलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पातं तुटलं आणि तो गेला. अशा गुणी हाताला शिकवणारी, त्याचं काम तपासणारी जागा मिळायला हवी होती, असं मला तेव्हापासून वाटतं.

तशी एक जागा मुंबईत आहे: माझगाव डॉक, जहाजं बांधणारी गोदी. फ्रेंच आराखड्यावरून तिथं सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. पहिली, कलवरी, १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आली. सहावी, वाघशीर, १५ जानेवारी २०२५ रोजी. दुसरीला शिवरायांच्या खांदेरी या जलदुर्गाचं नाव आहे.

साडेसदुसष्ट मीटर लांबीची यातली प्रत्येक पाणबुडी लपते ती आवाज दाबून. पाण्यात रडार चालत नाही, उजेड थोड्याच अंतरावर विरतो, आवाज मात्र मैलोन्मैल जातो. म्हणून आतली यंत्रं लवचिक आधारांवर बसवतात, त्यांची थरथर बाहेरच्या पोलादात उतरू नये. खोल गेल्यावर डिझेल इंजिन बंद. मग सगळा भार बॅटरीवर: ३६० सेल, एकेक ७५० किलोचा. अशी हळू चालणारी पाणबुडी हुडकणं भल्याभल्या नौदलांना जड जातं.

पण बॅटरी उतरतेच. ती भरायला पृष्ठभागाजवळ येऊन, हवेची नळी वर काढून इंजिन चालवावं लागतं. खरा धोका तेव्हा. त्यावर अंबरनाथच्या डीआरडीओच्या प्रयोगशाळेनं इंधनघटाची यंत्रणा तयार केली आहे. हायड्रोजन साठवून न्यायचा नाही, लागेल तसा आतच बनवायचा. ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज मिळते, त्यामुळे सारखं वर यावं लागत नाही. मार्च २०२१ मध्ये जमिनीवर तिची चाचणी यशस्वी झाली, आणि पाणबुडीत ती बसवण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी करार झाला.

एका पाणबुडीत सुमारे ६० किलोमीटर केबल आणि ११ किलोमीटर पाइप असतात. एक कच्चा सांधा सगळ्यांच्या जिवावर बेतू शकतो. माझ्या लेखी इथं वेल्डरचा मान इंजिनिअरच्या बरोबरीचा आहे.

माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्यांसाठी शिकाऊ उमेदवारांच्या जागा निघतात. वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन. महागाव, उमरखेड, पुसदच्या पालकांनो, ज्या पोराचा हात यंत्रावर बसतो त्याला घरी अडवू नका. जाहिरातीवर लक्ष ठेवा, अर्ज भरा.