इंजिनाची रबरी नळी फुटण्याआधी बदला

(शेती कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, की ट्रॅक्टरला उसंत नसते. नेमक्या त्याच दिवसांत रेडिएटरची नळी फुटते, भसकन वाफ येते आणि ट्रॅक्टर वावरातच उभा राहतो. तालुक्याहून नळी आणीपर्यंत दिवस मोडतो आणि वाफसा निघून जातो. एवढ्यावर भागले तरी नशीब म्हणावयाचे. पाणी गेल्याचे ध्यानात न येता इंजिन तसेच चालवले तर हेड वाकते, गॅस्केट जाते, पिस्टन लायनरमध्ये अडकून इंजिन जाम होते. नळीला काही शे रुपये पडतात, इंजिन पुन्हा बांधायला हजारो. म्हणून आज फक्त या नळ्यांविषयी बोलणार आहे.

इंजिनात तापलेले पाणी वरच्या नळीने रेडिएटरमध्ये येते आणि निवल्यावर खालच्या नळीने पंपाकडे परत जाते. काही बंधू विचारतात, रबराऐवजी कायमचा लोखंडी पाइपच का बसवू नये? त्याचे कारण असे की इंजिन आपल्या जागी थरथरते, रेडिएटर आपल्या जागी हलतो. या दोघांमधले हिसके रबरी नळी सोसते. लोखंडी पाइप बसवलात तर रेडिएटरचे तोंडच तडकेल.

रबर उष्णतेने कडक होते, उन्हाने त्याला भेगा पडतात. गळणारे डिझेल किंवा ऑइल लागले तर ते फुगून मऊ पडते. गोठ्याशेजारी ट्रॅक्टर उभा असेल तर उंदीरही नळी कुरतडतात. पण सगळ्यात फसवी खराबी आतून होते. बाहेरून नळी काळीभोर, नव्यासारखी दिसते आणि आत क्लिपेजवळ चिरा पडलेल्या असतात. म्हणून नुसते बघू नका, दाबून बघा. इंजिन पूर्ण थंड असताना दोन्ही टोकांशी, क्लिपेपासून दोन इंचांच्या आत, नळी बोटांनी चिमटा. चांगली नळी दबते आणि सोडताच जागेवर येते. लाकडासारखी कडक लागली, दाबल्यावर करकरली, मऊ पिठासारखी लागली किंवा क्लिपेच्या मागे फुगवटा दिसला, तर ती नळी संपली असे समजा. यातले काही दिसत नसले तरी चार वर्षे झाली की नळ्या बदलून टाकाव्यात. आणि एक गेली म्हणजे दोन्ही बदलावयाच्या, कारण दोघींनी उष्णता सारखीच वर्षे खाल्लेली असते.

खालच्या नळीकडे विशेष लक्ष द्या. पंप तिच्यातून पाणी ओढतो. नळी मऊ पडली असेल तर रेस वाढवताच ती चपटी होते आणि पाणी अडते. हळू चालवताना ट्रॅक्टर ठीक असतो आणि नांगराला लावला की तापतो, तेव्हा हे तपासावे. पुष्कळ ट्रॅक्टरांत या नळीच्या आत तारेची स्प्रिंग असते. जुन्या नळीत ती असेल तर नवीतही हवी.

नळी आणायला जाताना जुनी नमुना म्हणून बरोबर न्या. आतला व्यास, लांबी आणि वळण तिन्ही जुळले पाहिजे. सरळ नळी वाकवून बसवली की तिला घडी पडते. दुकानाच्या दारात उन्हात टांगून ठेवलेली नळी घेऊ नका. ती विकत घेण्याआधीच म्हातारी झालेली असते.

आता बदलावयाची कशी ते ऐका. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण निघताच उसळून तोंडावर येते. थंड झाल्यावर खालचा कॉक उघडून पाणी बादलीत काढा आणि ते बघा. तांबूस असेल तर आत गंज आहे, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन काढा. त्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल ताकासारखे पांढरट दिसले, तर दुखणे नळीपुरते नाही. मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

जुनी नळी चिकटलेली असते. ती पेचकसाने उचकटू नका. रेडिएटरचे तोंड नरम धातूचे असते, ते वाकते. नळी टोकाशी सुरीने उभी चिरा, म्हणजे आपोआप सुटते. तोंडावरची खर बारीक पॉलिश पेपरने घासून काढा. नवी नळी सरकायला साबणाचे पाणी लावा, ग्रीस किंवा ऑइल नको. क्लिप आधी नळीवर चढवा, मग नळी तोंडावरच्या उंचवट्याच्या पुढे जाईपर्यंत ढकला. क्लिप त्या उंचवट्याच्या मागेच आली पाहिजे. ताकद लावून आवळू नका, पट्टी रबरात रुतते. आणि क्लिपेऐवजी तार पिळणे सोडून द्या, तार रबर कापते.

पाणी सावकाश भरा, म्हणजे आतली हवा निघेल. झाकण उघडेच ठेवून थंड इंजिन चालू करा, रेस न देता थोडा वेळ चालवा, पातळी उतरेल तितके पाणी घाला आणि पाणी कढत होण्याआधी झाकण लावा. तासभर काम केल्यावर इंजिन निवू द्या आणि क्लिपा पुन्हा आवळा. हे पुष्कळ जण विसरतात आणि मग नव्या नळीला दोष देतात.

बोअरच्या जड पाण्याने आत खर धरते. स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी किंवा डिस्टिल्ड वॉटर चांगले. त्यात कुलंट डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कुलंट कशाला, असे काही जण म्हणतात. पण ते गंज रोखते आणि पाणी लवकर उकळू देत नाही. मात्र ते विषारी असते आणि चवीला गोड, म्हणून काढलेले पाणी उघड्यावर ठेवू नका. कुत्रे, वासरू त्याला तोंड लावते. लहान मुलांचेही भय आहे.

काम चालू असताना नळी फुटलीच तर इंजिन तत्काळ बंद करा. काट्यावर भरवसा ठेवू नका. पाणी निघून गेले की काटा कधी कधी उलट खाली येतो आणि माणूस फसतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. सायकलची ट्यूब घट्ट गुंडाळून ट्रॅक्टर घरापर्यंत आणता येईल, पेरणी मात्र त्यावर उरकू नका.

ओढ्यावरच्या डिझेल पंपाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे पुष्कळदा पंपाच्याच पाण्यातून बारीक नळीने इंजिनाला पाणी दिलेले असते आणि ते पाटात पडते. ती नळी घडीने किंवा कचऱ्याने तुंबली तर इंजिन कोरडे तापते. पडणाऱ्या धारेवर नजर ठेवा. धार बारीक झाली किंवा वाफाळू लागली की इंजिन थांबवा.

कोकणातल्या ज्या बंधूंची शेतीबरोबर होडीही आहे, त्यांनी यात अधिक जपावे. होडीच्या तळाच्या भोकातून समुद्राचे पाणी ओढणारी नळी फुटली तर इंजिन तापतेच, शिवाय होडीत पाणी भरते. तिथे प्रत्येक टोकाला, जागा असेल तर, न गंजणाऱ्या स्टीलच्या दोन क्लिपा लावा. तळाचा व्हॉल्व्ह नीट बंद होतो की नाही तेही बघा. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, त्या वेळी हे काम करणे सोयीचे.

दोन्ही नळ्यांचा एक जादा जोड आणि चार क्लिपा घरात सावलीत, डिझेलपासून दूर ठेवा. नळी बसवल्याची तारीख खडूने नको, रंगाने इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. खडू पहिल्याच धुण्यात जातो.