म्हातारपणाचे गाव पाहायला निघताना

मुलीसाठी स्थळ पाहायचे असले की आपण किती चौकशा करतो! घरी माणसे किती, शेत किती, विहिरीला पाणी किती, सासूचा स्वभाव कसा, सगळे आडून आडून विचारून घेतो. पण नोकरी संपल्यावर उरलेले आयुष्य ज्या गावात काढायचे, ते गाव आपण कसे ठरवतो? नाताळच्या सुट्टीत चार दिवस गेलो होतो, हवा छान होती, मासे ताजे मिळाले, एवढ्या भांडवलावर जागेचा विसार देऊन मोकळे झालेले लोक मी पाहिले आहेत. त्यात शिकलेले लोकच अधिक. शेतकरी सहसा अशी चूक करीत नाही. बैल घ्यायचा तर तो त्याला आधी चालवून पाहतो.

आमचे दादाही ही चूक करण्याच्या बेतात होते. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. डोंबिवलीच्या एका शाळेत त्यांनी बत्तीस वर्षे गणित शिकवले आणि २०२४ सालच्या मे महिन्यात, नियमाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते निवृत्त झाले. मुलगी हैदराबादला. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, इमारतीला लिफ्ट नाही आणि वहिनींचे गुडघे दुखतात. तेव्हा डोंबिवली सोडायची हे ठरलेले होते. कुठे जायचे हेही दादांच्या मनात ठरलेले होते. दापोलीजवळ, समुद्राच्या वाऱ्यावर, चार नारळांच्या सावलीत. विसाराचे पैसेही त्यांनी बाजूला काढून ठेवले होते.

मी म्हटले, “दादा, पैसे द्या, पण आधी भर पावसात जाऊन या. आणि एकच गाव पाहू नका. चार पाहा.”

“पावसात कोण गाव पाहायला जातो?” दादा म्हणाले.

“पावसातच जायचे. चार महिने पावसात राहायचेच आहे ना तिथे?”

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे प्रवासाची आखणी माझ्याकडे आली. मोटार भाड्याने घ्यावी असे दादांचे म्हणणे होते. मी एस.टी.चा आग्रह धरला. मोटारीतून गाव पाहिले की ते पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसते. साठीनंतर आपण काही रोज मोटार हाकणार नाही. स्टँडवर उभे राहणे, पायरी चढणे, पिशवी सांभाळणे हे सगळे पुढे करायचे आहे, ते आजच करून पाहावे. एस.टी.ची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि हव्या त्या गाडीत बसायचे. आम्ही दोघा भावांनी सात दिवसांचे पास काढले. वहिनींना पासाची गरज नव्हती, कारण २०२३ सालच्या मार्चपासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. “जन्मभर मी अर्धीच होते, आता सरकारनेही मान्य केले,” असे वहिनी म्हणाल्या. त्या थट्टेकडे आम्ही दोघांनीही त्या वेळी नीट लक्ष दिले नाही.

बेत असा होता. पुण्याहून वाई, मग सातारा, कराड, तिथून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि शेवटी खेडवरून दापोली. दादांनी एक वही केली होती. तिच्यात रकाने होते : हवा, पाणी, घरभाडे, दवाखाना, वाचनालय, पेन्शनची बँक. प्रत्येकाला दहापैकी गुण. शिक्षकाची सवय, दुसरे काय! वहिनींजवळ वही नव्हती.

वाईला आम्ही मुद्दाम शेवटच्या सुमाराच्या गाडीने पोहोचलो. रात्री नऊ वाजता स्टँडवर उतरल्यावर रिक्षा मिळते का, रस्त्यावर दिवे आहेत का, औषधाचे दुकान उघडे आहे का, हे एकदा स्वतः पाहिले म्हणजे दहा माणसांना विचारण्याची गरज उरत नाही. वाईत तिन्ही होते. सकाळी कृष्णेच्या घाटावर गेलो. ढोल्या गणपती पाहिला. महाबळेश्वर इथून पस्तीस किलोमीटरच्या आत, तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पण पसरणीचा घाट उतरून खाली आले की त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. ढगांचे पाणी डोंगरमाथ्यावरच सांडून जाते. त्यामुळे वाईत पाऊस असतो पण घरात ओल धरत नाही. सांधे धरलेल्या माणसाला ही गोष्ट किती मोलाची आहे, हे सांधे धरलेल्यालाच कळेल. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी याच गावातून उभे केले. वसंत व्याख्यानमालेलाही शंभराहून अधिक वर्षे झाली. वाचनालयाच्या रकान्यात दादांनी नऊ गुण दिले. पण एकूण मत त्यांनी असे लिहिले : ‘गाव बरे. समुद्र नाही.’

या वेळात वहिनी कुठे होत्या? त्या मंडईत भाजीवाल्या बाईपाशी उकिडव्या बसल्या होत्या. गवारीचा भाव विचारता विचारता त्यांनी धुण्याभांड्याला बाई काय घेते, गिरणी कुठल्या वाराला बंद असते, नदीला पूर आला की पाणी कुठवर चढते, हे सगळे काढून घेतले. घाटाजवळचे घर घ्यायचे नाही, हे आम्हाला त्या बाईने सांगितले. माझ्या नकाशावर ते नव्हते.

साताऱ्याला हवा उत्तम, पाणीही चांगले. कासच्या तलावाचे पाणी उतारानेच शहरात येते. जिल्ह्याचे रुग्णालय इथे. पण सातारा हे अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेले गाव. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे चालत निघालो, तर वहिनी वाटेत तीनदा थांबल्या. तरुण माणसाला तो चढ जाणवतही नाही. दादा म्हणाले, “हळूहळू सवय होईल.” वहिनी म्हणाल्या, “गुडघ्यांना सवय होत नसते. त्यांची सवय आपल्याला होते.”

कराड सपाट आहे. मोठे दवाखाने आहेत, पुणे-बंगळूर हमरस्ता आहे. रेल्वे स्टेशन मात्र गावाबाहेर, ओगलेवाडीला. आमच्या आजीच्या घरी ज्या ओगलेवाडीचे कंदील होते तीच ही. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि मग वळून पूर्वेला जातात. असा संगम सहसा पाहायला मिळत नाही. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. जुलैत दोन्ही नद्यांचे पाणी गढूळ, फुगलेले होते. दादांनी वहीत चांगले गुण लिहिले आणि खाली पुन्हा तेच, ‘समुद्र नाही.’

कराडहून पाटण, कोयनानगर करीत गाडी घाटाकडे निघते. कोयनानगर म्हटले की १९६७ सालच्या डिसेंबरातला भूकंप आठवतो. पुढे कुंभार्ली घाट लागला. धुके इतके की ड्रायव्हर काच खाली करून मान बाहेर काढीत होता. मला अण्णासाहेब कर्वे आठवले. महर्षी धोंडो केशव कर्वे मूळचे दापोलीजवळच्या मुरूडचे. १८७५ साली शालेय परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्याला पायी गेले होते. भर पावसात, सह्याद्री ओलांडून, चार दिवस चालत. आणि तिथे पोहोचल्यावर ‘हा मुलगा लहान दिसतो’ म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आम्ही उलट्या दिशेने, गादीवर बसून चाललो होतो, तरी दादा कंबर धरून होते.

चिपळूणला दुपार काढली. गाव जिवंत, बाजार भरलेला, रेल्वे आहे. पण २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने काय केले ते तिथला प्रत्येक माणूस न विचारता सांगतो. एस.टी. आगारातल्या गाड्या बुडाल्या. १८६४ सालापासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथ गेले. २००५ सालीही पूर आला होताच. एका दुकानदाराने भिंतीवरची खूण दाखवली. दादा तिच्याखाली उभे राहिले. खूण त्यांच्या हाताला लागेना. घर घेताना जमिनीच्या कागदांइतकीच ही खूणही पाहिली पाहिजे, आणि ती दाखवायला दलाल येत नाही. शेजाऱ्याला विचारावी लागते.

आणि मग दापोली. दापोली खरोखरच सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंच, म्हणून कोकणाच्या मानाने हवा थंड. कृषी विद्यापीठ आहे, जुन्या शाळा आहेत. दादांनी पसंत केलेले घर मात्र दापोलीत नव्हते. ते तिथून काही किलोमीटरवर एका वाडीत होते. जांभ्या दगडाच्या भिंती, कौले, परसात नारळ, काठोकाठ भरलेली विहीर. दादांचा चेहरा मी पाहत होतो. बत्तीस वर्षे लोकलच्या गर्दीत उभे राहून त्यांनी हे घर मनात बांधले होते.

वाडीत सहा घरे. चार बंद. त्यांचे मालक मुंबईला, येतात गणपतीत आणि मे महिन्यात. पाचवे दादांना घ्यायचे होते. सहाव्यात एक म्हातारी राहत होती. वीज गेली होती, पाऊस थांबत नव्हता, म्हणून आम्ही तिच्या पडवीत टेकलो. तिने चहा केला. वहिनींनी विचारले, “आजी, विहीर एप्रिलात कशी असते?” ती म्हणाली, “तळ दिसतो.” साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही असे का, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही, सगळे झिरपून समुद्राला जाते. पण शिकवणे निराळे आणि रिकामा हंडा निराळा.

आम्ही उठू लागलो की ती म्हातारी दुसरे काहीतरी काढायची. लेक दुबईला आहे, फोटो बघा. फणसाचे साठ करून ठेवलेत, घेऊन जा. शेवटी फाटकापर्यंत आली आणि वहिनींचा हात धरून म्हणाली, “दोन दिवसांनी माणसांशी बोलले हो.”

परतीच्या गाडीत खेड येईपर्यंत वहिनी गप्प होत्या. मग खिडकीकडे पाहतच म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या दादांच्या वहीत एक रकाना राहिलाय.”

“कोणता?”

“आम्ही दोघे एकदम थोडेच जाणार? कुणीतरी आधी जाईल. मागे राहील त्याने या वाडीत काय करायचे? मी त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान. बहुतेक मीच राहीन. रात्री छातीत दुखले तर चार कुलपांना हाका मारू?”

दादांनी काही उत्तर दिले नाही. गणिताच्या मास्तरांनी हवा, पाणी, घरभाडे सगळ्यांची बेरीज केली होती. ही वजाबाकी त्यांनी मांडलीच नव्हती. मीही नव्हती मांडली. सात दिवसांत आम्ही दोघे शिकलेले भाऊ ‘तुम्हाला कुठे राहायला आवडेल?’ हा साधा प्रश्न वहिनींना एकदाही विचारला नव्हता. तो मी गाडीत विचारला. त्या लगेच म्हणाल्या, “वाई. मंडईला पायी जाता येते. साताऱ्याला मोठा डॉक्टर आहे आणि तिथे जाणारी गाडी सारखी मिळते. एकटी बाई दिसली तर विचारपूस करणारी माणसे आहेत.”

दादा रागावले नाहीत, पण दोन महिने उदास होते. त्यांचे खरे दुःख समुद्राचे नव्हते असे मला वाटते. आपण ज्याला दोघांचे स्वप्न समजत होतो ते आपल्या एकट्याचेच होते, हे साठीच्या उंबरठ्यावर कळणे माणसाला जड जाते. बोललो नाही मी त्यांच्याशी त्याबद्दल. आपल्याकडे भाऊ भावाशी असे बोलत नाही.

घर त्यांनी विकत घेतले नाही, एवढे मात्र माझे ऐकले. डोंबिवलीची जागा भाड्याने दिली आणि वाईत घाटापासून दूर, तळमजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतले. तिन्ही ऋतू काढून मग काय ते ठरवायचे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला दादा बँकेत गेले, तेव्हा वहिनीही बरोबर गेल्या आणि कोणता कागद कोणत्या खिडकीवर हे पाहून आल्या. गुडघ्यांच्या डॉक्टरकडे साताऱ्याला त्या एकट्याच जातात. दादा सोबत येतो म्हणाले तर, “नको, मला सवय करू द्या,” म्हणतात. दादा स्टँडवर गाडी सुटेपर्यंत उभे राहतात.

सवय एकतर्फी नको, म्हणून दादांना त्यांनी स्वयंपाकघरात उभे केले आहे. मे महिन्यात ते दोघे चार दिवस दापोलीला जाऊन आले, त्या म्हातारीकडेच उतरले होते. परवा मी फोन केला तेव्हा दादा म्हणाले, “आमटी जमली रे. भात कधी कधी लागतो. पोळ्या मात्र अजून विकतच्याच.”