सांकेतिक यंत्रांची सुरक्षितता: परीक्षा कशाची?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराचे गुप्त तारसंदेश '१३१-बी२' या यंत्रातून सांकेतिक रूपात पाठविले जात. फीत एकदाच वापरावयाची, म्हणून संकेत गणिताच्या दृष्टीने अभेद्य. परंतु १९४३ साली बेल प्रयोगशाळेतील एका संशोधकास असे आढळले की, यंत्र चालत असता खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या दोलनदर्शकावर झटके उमटतात आणि त्यांवरून मूळ मजकूर वाचता येतो. लष्कराचा विश्वास बसेना. तेव्हा न्यूयॉर्कमधील संदेश केंद्रासमोर, रस्त्यापलीकडे सुमारे ८० फुटांवर अभियंत्यांना बसविण्यात आले. तासभराच्या नोंदींवरून त्यांनी तीन-चार तासांत सुमारे ७५ टक्के मजकूर उलगडून दाखविला!

यंत्र बंदिस्त करणे गैरसोयीचे वाटल्याने केंद्राभोवती सुमारे १०० फूट व्यासाचा परिसर ताब्यात ठेवण्याची सूचना निघाली. व्यास १०० फूट म्हणजे मध्यापासून अवघे ५० फूट, हे येथे लक्षात घ्यावे.

आज असे यंत्र बँकेच्या कार्डावरील चिपमध्ये मावते. ते परक्याच्या हाती पडू शकते. तेथे परिसर राखण्याचा प्रश्नच उरत नाही. आकडेमोडीस लागणाऱ्या वेळेवरून गुप्त किल्ली शोधता येते, हे पॉल कोचर यांनी १९९६ साली दाखविले. १९९९ साली त्यांनी दोन सहकाऱ्यांसह विद्युत्शक्तीच्या चढउतारांवरूनही किल्ली काढण्याची रीत प्रसिद्ध केली. साधे उदाहरण घ्यावे. चार अंकी क्रमांक एकेक अंक ताडून पाहणारे आणि चूक आढळताच थांबणारे यंत्र वेळेवरून किती अंक बरोबर आहेत ते सांगून टाकते. मग १०,००० ऐवजी फार तर ४० प्रयत्न पुरतात.

म्हणून संकेताबरोबर प्रत्यक्ष यंत्राचीही परीक्षा घ्यावी लागते. एका प्रचलित चाचणीत किल्ली तीच ठेवून यंत्रास कधी एकच ठराविक मजकूर, तर कधी दर वेळी नवा मजकूर देतात. विद्युत्शक्तीच्या हजारो, प्रसंगी लाखो नोंदी घेऊन दोन्ही गटांच्या सरासरीतील फरक संख्याशास्त्रातील 'टी' कसोटीस लावतात. मूल्य ४.५ च्या पलीकडे गेल्यास यंत्रातून माहितीची गळती होते असे मानतात. त्या गळतीतून किल्ली हाती लागेलच, असे मात्र नव्हे. उलट, १०,००० नोंदींत निर्दोष ठरलेले यंत्र १०,००,००० नोंदींत सदोष ठरू शकते. अशी यंत्रे खरेदी करणाऱ्या कार्यालयाने 'चाचणीत उत्तीर्ण' एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नये. नोंदी किती घेतल्या आणि कोणत्या उपकरणाने, हे प्रमाणपत्रात मागून घ्यावे.