रुई उपटण्यापूर्वी



मी बसवनगुडीत राहतो. इथल्या गांधी बझारात फुलवाले गुच्छ बांधताना गुलाबांच्या मधे पिवळ्या बारीक फुलांचे तुरे खोचतात. त्याचं नाव गोल्डनरॉड. आपल्याकडे ते निव्वळ जागा भरायला. पण उत्तर अमेरिकेत हे रानफूल आहे, आणि मोनार्क फुलपाखरं पावसाळी ढगांसारखी मेक्सिकोकडे निघतात तेव्हा वाटेत त्याच्या मधावर पोट भरतात. फौजेच्या भाषेत, रसद.

मोनार्कचा चुलतभाऊ आपल्या अंगणात असतो. प्लेन टायगर. नारिंगी पंख, टोकं काळी, त्यावर पांढरे ठिपके. याच्या पिल्लांचा लंगर चालतो रुईवर.

हे मला उशिरा कळलं. रिटायर झाल्यावर मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटची सफाई काढली. सवयच ती! रुईची चार झुडपं मुळासकट उपटली. पोत्यात भरताना पानांखाली अळ्या दिसल्या. पांढरे, काळे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. मुळं तर वर आलेली. संध्याकाळी शेजारच्या अज्जी म्हणाल्या, "एक्का काढलात? आता रथसप्तमीच्या अंघोळीला पानं कुठून आणू?" एक्का म्हणजे कन्नडमध्ये रुई. आपण शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो, तीच.

मग वाचायला बसलो. रुईचा चीक विषारी. (डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलांना जपा.) अळी तीच पानं खाते आणि विष अंगात साठवते. पक्ष्याने एकदा चव घेतली की तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला सहसा जात नाही. गंमत पुढे आहे. डॅनेड एगफ्लाय नावाच्या बिनविषारी फुलपाखराची मादी हाच गणवेश घालून फिरते आणि फुकटात वाचते! फुलांवर मोठे काळे भुंगे येतात, त्यांच्या पायांना परागाच्या गुठळ्या चिकटून दुसऱ्या झाडावर पोचतात. एवढी वस्ती मी एका सकाळी उठवली होती.

दोन वर्षांनी आमच्या कंपाउंडच्या भिंतीच्या फटीत एक रुई आपोआप उगवली. माळ्याला मी हात लावू दिला नाही. अज्जी रथसप्तमीला तिथूनच पानं नेतात. तोडण्याआधी प्रत्येक पान उलटून बघतात.