रजा : सवलत नव्हे, व्यवस्थेची गरज

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



तामिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरीकाठचे मंदिरांचे नगर. तंजावरच्या मराठी राज्यामुळे त्याचे आपल्याशी जुने नाते आहे, सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये तिथलाच. याच नगरात १९०४ मध्ये स्थापन झालेली कुंभकोणम बँक आज सिटी युनियन बँक म्हणून ओळखली जाते व तिचे मुख्य कार्यालय तेथेच आहे. जवळच तिरुभुवनम येथे रेशमी साड्यांचे हातमाग चालतात. ‘कर्मचाऱ्याने हक्काची रजा घ्यावी का?’ या प्रश्नाचा विचार करताना बँक आणि माग या दोहोंकडे पाहावे लागते.

प्रथम बँक. रिझर्व्ह बँकेच्या ९ जुलै २०२१ च्या परिपत्रकानुसार, संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान १० कामकाजाचे दिवस, पूर्वसूचना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवावयाचे असते. हा नियम एखाद्या बँकेपुरता नाही. यामागील कारण साधे आहे. गैरव्यवहार झाकण्यासाठी रोज हजर राहावे लागते. काम दुसऱ्याच्या हाती गेले की नोंदी बोलू लागतात. प्रामाणिक कर्मचाऱ्याच्या बाबतीतही ‘माझ्यावाचून काम अडते’ हे भूषण नव्हे. तो कार्यालयाच्या रचनेतील दोष होय.

मग रजा साठवली का जाते? केंद्रीय कर्मचाऱ्यास वर्षाला ३० दिवस अर्जित रजा मिळते. त्यांपैकी ३०० दिवसांपर्यंतची शिल्लक निवृत्तीच्या वेळी रोखीत बदलता येते, तीही अखेरच्या वेतनाच्या दराने. तरुणपणी राखलेला दिवस असा महाग होत जातो. म्हणजे रजा न घेणारा अविचारी नसतो. नियमच त्याला तसे सुचवतो. परंतु हिशेब पुरा करा. ३० वर्षांच्या सेवेत ९०० दिवस जमा होतात. ३०० राखले, तरी उरलेले ६०० दिवस वापरले नाहीत तर बहुतांशी वायाच जातात. तेव्हा रोखीचा मोह हे रजा टाळण्याचे पुरेसे कारण ठरत नाही.

कारखाना कामगारांसाठी १९४८ च्या अधिनियमाने २४० दिवस काम केल्यावर दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही अट १८० दिवसांवर आणली. पात्रता सोपी झाली, हे स्वागतार्ह आहे.

आता माग. नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराचा माग थांबला की मिळकत थांबते. रजा घ्यावी की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही. १० जून १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांतून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. विश्रांतीचा हक्क संघर्षातून येतो, याचा तो दाखला आहे.

म्हणून माझे उत्तर दुहेरी आहे. ज्यांना हक्क आहे, त्यांनी रजा घ्यावीच. तिच्यामुळे माणूस ताजा राहतो आणि संस्थेचीही परीक्षा होते. ज्यांना हक्क नाही, त्यांच्या मजुरीचे दर ठरवताना विश्रांतीच्या दिवसांचा खर्च त्यात धरला जावा. उद्या तुमच्यापैकी काही जण प्रशासनात जाल. तेव्हा सहकाऱ्याचा रजेचा अर्ज समोर आला, तर त्याकडे कामातील अडथळा म्हणून पाहू नका. आणि तिरुभुवनमच्या विणकराला असा अर्जही करता येत नाही, हे विसरू नका.