रायफलचें लाकूड आणि शिपायाचा हात

ली-एन्फील्ड रायफलची १९०७ सालची आवृत्ति जवळजवळ तोंडापर्यंत लाकडांत गुंडाळलेली होती. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यांतही ती तयार होई. हें लाकूड शोभेसाठीं नव्हे. सरावलेला शिपाई नेम धरून मिनिटास १५ गोळ्या झाडी. तेवढ्यानें तापलेल्या नळीस हात लावण्याची सोय उरत नसे. परंतु हात भाजूं नये एवढ्यानें भागत नाहीं, तो निसटूंही नये. व्हार्निश दिलेलें लाकूड दिसतें छान, पण घामानें आणि पावसानें तेंच निसरडें होतें.

म्हणून या लाकडास जवसाचें तेल चोळीत. क्रिकेटच्या बॅटीला लागतें तेंच हें तेल! तें रंध्रांत मुरतें, हवेंतील प्राणवायु शोषून तेथेंच घट्ट होतें, आणि वर जाड थर नसल्यामुळें लाकडाचा पोत तळव्यास जाणवत राहतो. तेल थोडें घ्यावें, ऊब येईपर्यंत तळव्यानें रगडावें, उरलेलें पुसून टाकावें. दुसरा हात देण्याची घाई नको. न पुसलेलें तेल चिकटून धूळ धरतें. १९८० नंतरच्या दशकांत आलेल्या अमेरिकन एम-१६ ए-२ रायफलीवर लाकूड नाहींच. तिच्या प्लास्टिकच्या गोल आवरणावर पकडीसाठीं आडव्या कडा आहेत.

तेलाचीं फडकीं मात्र बोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. तेल सुकतांना निघणारी उष्णता आंत कोंडते आणि बोळा आपोआप पेट घेतो. फडकीं उघड्यावर एकेक पसरून वाळवावींत, नाहींतर पाण्यांत बुडवून ठेवावींत.