झाडावर चढलेला माणूस सुखरूप उतरावा

(परळी वैजनाथ परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले परळी हे गाव प्रभू वैद्यनाथाचे स्थान म्हणून सर्वदूर ओळखले जाते. औष्णिक वीज केंद्रामुळे उद्योगाच्या नकाशावरही त्याची नोंद झाली. परंतु परळीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर राहणाऱ्या माणसाचे वर्ष या दोन्हींपेक्षा पावसावर, ऊसतोडणीवर आणि बांधावरच्या झाडांवर अधिक अवलंबून असते. पाऊस हुलकावणी देतो, तेव्हाही बांधावरची जुनी चिंच सहसा रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही. आजचे चार शब्द या झाडाविषयी, आणि त्याहूनही अधिक त्या झाडावर चढणाऱ्या माणसाविषयी आहेत.

माघ सरत आला की चिंच पिकू लागते आणि झोडणीचा हंगाम चैत्रापर्यंत चालतो. व्यापारी उभे झाड उक्ते घेतो. गायरानातील व रस्त्याकडेच्या झाडांच्या फळांचा अनेक ठिकाणी ग्रामपंचायत लिलाव करते. मग दोन-तीन माणसे हातात लांब काठी घेऊन झाडावर चढतात, फांदीवर उभे राहून शेंडे झोडतात, आणि खाली बायामाणसे पडलेली चिंच वेचतात. पुढे फोडणी, चिंचोके काढणे, बाजार हे सारे क्रमाने येते. ऊसतोडणीहून परतलेल्या अनेक हातांना याच दिवसांत हे काम मिळते.

या सर्व व्यवहारात झाडाच्या मालकाचा हिशेब असतो, व्यापाऱ्याचा असतो, लिलावाचाही असतो. हिशेब नसतो तो केवळ फांदीवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा. जुनी चिंच साठ-सत्तर फूट उंच वाढू शकते. एवढ्या उंचीचा विचार क्षणभर बाजूला ठेवू आणि केवळ वीस फुटांचा विचार करू. वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंद पूर्ण होण्याच्या आत भुईवर आदळतो, आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे चाळीस किलोमीटर असतो. सावरण्यास, हाक मारण्यास किंवा दुसरी फांदी धरण्यास तेवढा वेळ पुरत नाही. पाठीचा कणा दुखावला तर कमावता पुरुष जन्मभर खाटेवर राहतो, आणि त्याची मुले शाळा सोडून कोयता हाती घेतात. एका झाडाच्या चिंचेची ही किंमत कोणत्याही बाजाराला परवडणारी नाही.

अशी घटना घडली की गावात दोन वाक्ये ठरलेली असतात. एक, “त्याचे दिवस भरले होते.” दुसरे, “पोरगा निष्काळजी होता.” दोन्ही वाक्ये वस्तुस्थितीला धरून नाहीत. झोडणी करणारा माणूस मुळीच निष्काळजी नसतो. लहानपणी वडाच्या पारंब्यांना लोंबकळून सूरपारंब्या खेळलेला तो गडी असतो. कोणती फांदी भार घेईल, हे त्याच्या तळपायाला कळते. तो पडतो ते धैर्य वा कौशल्य कमी पडते म्हणून नव्हे. काठी दोन्ही हातांनी धरावी लागते आणि त्या वेळी झाडाला धरणारे काहीच उरत नाही, म्हणून तो पडतो. चढण्याची विद्या आपल्याकडे परंपरेने आहे. झाडाला बांधून घेऊन काम करण्याची विद्या मात्र नव्याने शिकावयाची आहे.

ही विद्या आज जगात कोठे आणि कशी विकसित झाली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांची एक पद्धत आहे. शिकारी कमरेला व मांड्यांना बसणारा रुंद पट्टा बांधतो, त्याच्या दोराने स्वतःला खोडाशी जखडून घेतो आणि पाय खोडाला टेकवून, पट्ट्यावर बसल्यासारखा, तासन् तास झाडावर राहतो. या पट्ट्याला तेथे ‘सॅडल’ म्हणजे खोगीर म्हणतात. सारे सामान पाठीवर घेऊन रानात दूरवर चालावयाचे असल्याने ते हलक्यात हलके व्हावे, असा प्रयत्न तेथे झाला. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली, आणि ती योग्यच आहे. महाराष्ट्राच्या अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री जी माणसे मचाणावर बसतात, ती पाणवठ्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करण्यासाठी बसतात. तेव्हा त्या शिकाऱ्याचा बाण आपल्याला नको आहे. त्याचे खोगीर मात्र उपयोगाचे आहे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. केरळात नारळ काढणारी माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ साली ‘नारळाच्या झाडांचे मित्र’ हा प्रशिक्षणक्रम सुरू केला. सहा दिवसांत यंत्राच्या साहाय्याने माडावर चढणे, झाडाची निगा आणि सुरक्षितता यांचे शिक्षण त्यात दिले जाऊ लागले, आणि प्रशिक्षितांना अपघात विम्याची जोड देण्यात आली. पिढीजात चढणारे नसलेले तरुण आणि स्त्रियाही या मार्गाने माडावर चढू लागल्या. झाडावर चढणे हा जन्माने मिळणारा गुण नसून शिकून घेता येणारा व्यवसाय आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण परळीला अधिक जवळचे आहे, कारण १९४८ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगणा एकाच हैदराबाद संस्थानात होते. तेलंगणात ताड व शिंदी छेदणारे कामगार पूर्वापार कमरेभोवतीच्या दोराच्या आधाराने चढत आले आहेत. तो दोर चढण्यास मदत करतो, पण पाय निसटला तर माणसाला रोखून धरीलच, याची हमी देत नाही. जुलै २०२४ मध्ये तेथील शासनाने या कामगारांसाठी ‘काटमय्या रक्षा’ नावाचा सुरक्षा संच देण्यास प्रारंभ केला. काटमय्या हे या कामगारांचे आराध्य दैवत होय. दोर, बसणीचा पट्टा, पायाचा फास, कड्या आणि हे सारे ठेवण्याची पिशवी, असे त्याचे स्वरूप आहे. परंपरेने आलेला दोर टाकून न देता त्याला नव्या दोराची जोड देणे, ही त्यातील घेण्यासारखी गोष्ट आहे.

आता या साधनांचे स्वरूप पाहू. पहिले साधन म्हणजे बसणीचा पट्टा. तो कमरेला आणि दोन्ही मांड्यांना घट्ट बसला पाहिजे. केवळ कमरेला गुंडाळलेला दोर पडणाऱ्या माणसाच्या बरगड्यांना व पाठीला इजा करतो. औद्योगिक सुरक्षा पट्ट्यांसाठी भारतीय मानक ३५२१ आहे. खरेदी करताना मानकाची खूण पाहून घ्यावी. दुसरे साधन दोर. विहिरीचा किंवा गुरांचा दोर येथे चालत नाही. गिर्यारोहणाच्या कामासाठी विणलेला ११ मिलिमीटर जाडीचा चांगला दोर दोन टनांहून अधिक ताण सहन करतो. तिसरे साधन म्हणजे झाकण असलेली आणि झाकणाला कुलूप असलेली धातूची कडी. चौथे, खोडाभोवती घेऊन पट्ट्याला दोन्ही बाजूंनी अडकवावयाचा आखूड दोर. आणि पाचवे, डोक्यावरचे टोप.

या सर्वांना एकत्र आणते ती एक साधी गाठ. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ साली ती प्रचारात आणली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. जाड दोराभोवती बारीक दोरीचे तीन वेढे घेऊन ही गाठ बांधतात. भार नसताना ती हाताने वरखाली सरकते, आणि भार पडताच दोराला घट्ट आवळून धरते. ओढाल तितकी घट्ट बसणारी ही गाठ चौथीतल्या मुलालाही शिकविता येते.

जुन्या चिंचेचे खोड मिठीत मावत नाही. म्हणून पहिल्या बेचक्यापर्यंत शिडी लावावी. त्याहून वरच्या, जिवंत आणि मनगटाहून कितीतरी जाड अशा फांदीवरून, खोडाजवळच, वजन बांधलेली बारीक दोरी टाकावी आणि तिच्या साहाय्याने मुख्य दोर ओढून घ्यावा. भुईवर उभे राहून दोन माणसांच्या भाराने ती फांदी आधी तपासावी. मग पट्टा दोराला जोडून चढावे. दोर नेहमी ताणलेला आणि त्याचा आधार कमरेच्या वर असावा. बसणीचा पट्टा हा बसून काम करण्यासाठी आहे, ढिल्या दोराने खाली कोसळून झटका खाण्यासाठी नाही. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीकडे जाताना दुसरा दोर अडकविल्यावरच पहिला सोडावा. या साऱ्या शिक्षणाचे सार एका वाक्यात सांगता येते. पाय भुईवरून उचलल्यापासून पुन्हा भुईला लागेपर्यंत माणूस एक क्षणही सुटा असू नये.

शिकण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम भुईवर बसून गाठी बांधावयास शिकावे, आणि डोळे मिटूनही त्या बांधता येईपर्यंत पुढे जाऊ नये. मग भुईपासून एक फुटावर लोंबकळून पट्ट्याची पारख करावी. चढण्याच्या आधी उतरणे शिकावे. छातीइतक्या उंचीवर हे सर्व अंगवळणी पडल्याखेरीज वरची फांदी गाठू नये. एकट्याने कधीही चढू नये. वरचा माणूस बेशुद्ध झाल्यास त्याला खाली कसे आणावे, हे खालच्या साथीदाराला आले पाहिजे. पट्ट्यात निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. शेवगा आणि जांभूळ यांच्या फांद्या ठिसूळ असतात. त्या झाडांवर दोराचा आधार घेण्यापेक्षा खालून आकड्याने फळ काढणेच शहाणपणाचे. ज्या झाडाजवळून विजेची तार गेली आहे किंवा ज्यावर आग्या मोहोळ आहे, त्यावर चढू नये.

एवढी दक्षता घेऊनही अपघात झालाच, तर जखमीला खांद्यावर टाकून किंवा मोटारसायकलवर बसवून नेऊ नये. अशा धावपळीने दुखावलेल्या कण्याचे आणखी नुकसान होऊ शकते. मान व पाठ सरळ ठेवून त्याला फळीवर किंवा दारावर घ्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय परळीपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे.

आर्थिक संरक्षणाचा प्रश्नही तितकाच निकडीचा आहे. परळी तालुक्याचे सुपुत्र गोपीनाथ मुंडे यांच्या नावे राज्य शासनाची शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडून होणाऱ्या अपघाताचा तीत समावेश असून, मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. परंतु ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. झाडावर चढणारा माणूस अनेकदा भूमिहीन असतो. ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याच्यापर्यंत ही सावली पोहोचत नाही. त्याच्यासाठी २०१५ साली सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपये भरून अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. वर्षाकाठी वीस रुपये! लिलावाच्या रकमेपुढे ही रक्कम नगण्य आहे.

येथेच ग्रामपंचायतीचे काम सुरू होते. पंचायत जेव्हा झाडांच्या फळांचा लिलाव करते, तेव्हा पैसे भरण्याची मुदत, झाड न तोडण्याची अट, अशा अटी घातल्याच जातात. त्यांत आणखी दोन अटी घालण्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पहिली, बांधून घेतल्याशिवाय कोणीही झाडावर चढणार नाही. दुसरी, चढणाऱ्या प्रत्येकाचा विमा लिलाव घेणाऱ्याने हंगामापूर्वी उतरविलेला असेल. दोराचा एक संच गावाने विकत घेतला, तर तो ग्रामपंचायतीच्या कपाटात राहील आणि हंगामात एकामागून एक झाडांवर फिरेल. दरवर्षी दोराची तपासणी व्हावी, आणि झिजलेला वा उन्हाने कडक झालेला दोर निर्दयपणे बाद करावा.

शिक्षकांकडेही एक विनंती आहे. मुले झाडावर चढणारच. त्यांना मनाई करून झाडे ओस पडत नाहीत. शाळेच्या मैदानावर खेळाच्या तासाला दोन-चार गाठी शिकविल्या, तर ती मुले घरी जाऊन बापाच्या कमरेचा दोर पाहतील आणि प्रश्न विचारतील. कितीतरी सुधारणा गावात अशाच, मुलांच्या प्रश्नांतून, आल्या आहेत.

चिंचेचे झाड लावणारा स्वतः क्वचितच त्याची भरघोस फळे खातो; ते पुढच्या पिढीसाठी लावलेले असते. छत्रपती संभाजीनगरच्या हिमायतबाग फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘प्रतिष्ठान’सारख्या वाणांची कलमे लवकर फळावर येतात, आणि छाटणी करून ती आटोपशीर ठेवता येतात. नव्या लागवडीत ती निवडली तर उद्याच्या मजुराला एवढे उंच चढावे लागणार नाही. परंतु आजोबांनी लावलेली उंच झाडे आज उभी आहेत आणि येत्या माघातही ती पिकणार आहेत. त्या झाडांवर कोणीतरी चढणारच आहे. पोटाची निकड त्याला वर नेते. त्याला सुखरूप खाली आणण्याची जबाबदारी मात्र त्याची एकट्याची नाही. ती लिलाव पुकारणाऱ्याची, झाड उक्ते घेणाऱ्याची आणि खाली उभे राहून पडणारी चिंच मोजणाऱ्या प्रत्येकाची आहे. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घेण्यात यावा आणि हंगामाच्या आधी त्याचा निर्णय व्हावा, एवढीच अपेक्षा.